हंड्याखालची मान

मैत्रिणींनो, हे भांडण घरातले आहे आणि ते घरातच करायचे म्हणून या पानांवर करते आहे.

गेल्या ८ मार्चला आपल्याच एका गटाने तालुक्याच्या गावी मेळावा घेतला. गाणी झाली, भाषणे झाली, दारूबंदीचा ठराव झाला. दुपारच्या जेवणानंतर स्पर्धा होत्या. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा आणि सर्वात शेवटी, सर्वात जास्त टाळ्यांची, भरलेला हंडा डोक्यावर घेऊन पळण्याची शर्यत. जी कमी पाणी सांडून आधी पोचेल तिला स्टीलचा डबा. मी पाहुणी होते, म्हणून शिट्टी माझ्या हातात दिली. मी ती वाजवली नाही. टेबलावर ठेवली आणि मंडपाच्या मागे जाऊन उभी राहिले. शर्यत अर्थातच झाली, दुसऱ्या कुणीतरी शिट्टी वाजवली. संध्याकाळी परतताना जीपमध्ये कुणी बोलेना. मग एकजण म्हणाली, "ताई, बायका वर्षातून एकदा हसतात-खेळतात, तेही तुम्हाला बघवत नाही का?"

त्या प्रश्नाचे उत्तर जीपमध्ये देण्यासारखे नव्हते. ते इथे देते. उत्तर माझ्या मानेत आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करावी लागेल.

माझी मान आखूड आहे. केस पाठीमागे फार खालपर्यंत उगवतात. मला मान वळवून मागे बघता येत नाही, अख्खे अंग वळवावे लागते. आणि हनुवटी छातीला लागत नाही. मानेच्या सात मणक्यांपैकी माझे चार मणके दोन-दोन असे जन्मापासून एकमेकांत जुळलेले आहेत. याला क्लिपेल-फाइल सिंड्रोम म्हणतात. मॉरिस क्लिपेल आणि आंद्रे फाइल या दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. त्यांचा रोगी व्यवसायाने शिंपी होता. आखूड मान, खाली उतरलेली केसांची रेषा आणि न वळणारी मान ही त्याची तीन खुणेची लक्षणे. पण तिन्ही एकत्र निम्म्याहून कमी जणांत दिसतात, त्यामुळे कित्येकांना आपल्या मानेत काय आहे हे आयुष्यभर कळत नाही.

मलाही कळले नव्हते. मला जे कळत होते ते वेगळेच होते. शाळेत बाई ओरडल्या की सगळ्या मुली माना खाली घालायच्या, माझी मान सरळच. "बघ कशी मान ताठ करून उभी आहे!" म्हणून आणखी दोन छड्या. दाखवायच्या कार्यक्रमात आई कानात सांगायची, "मान खाली घालून बस गं." मी पाटावर बसायची ती समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघत. दुसरीकडे बघायचे तर सगळी पाठ फिरवावी लागे, आणि तो तर उघड अपमान! तीन ठिकाणांहून एकच निरोप आला : मुलगी उर्मट वाटते. चौथ्या ठिकाणच्या माणसाला उर्मट मुलगी चालणार होती, त्याच्याशी माझे लग्न झाले. ही गोष्ट मी हसत सांगते, पण माझी आई ती ऐकताना कधी हसली नाही. तिच्यावर घरच्यांनी ठपका ठेवला होता की, मी पोटात असताना तिने ग्रहण पाळले नाही, विळीवर भाजी चिरली. सत्तर वर्षांची होईपर्यंत ती हे मनात धरून होती.

म्हणून हे आधी लिहून टाकते. मणके सुटे होण्याचे काम गर्भ राहिल्यावर तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते. त्या वेळी पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. तेव्हा आई कोणती भाजी चिरत होती, कुणाला शिव्या देत होती, उपास करत होती की नाही, याचा मणक्यांशी संबंध नाही. आईला हे सांगायला मला फार उशीर झाला, कारण मलाच उशिरा कळले. तिसाव्या वर्षी मी बाळंतपणासाठी दाखल झाले आणि सिझर करायचे ठरले. त्याआधी कितीतरी डॉक्टरांनी मला तपासले होते. कुणी रक्त तपासले, कुणी वजन केले, कुणी नवऱ्याचे नाव विचारले. भूल देणाऱ्या बाई आल्या, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तोंड उघडा. आता मान मागे करा." मी केली, म्हणजे झाली नाहीच. त्यांनी दोन्ही हातांनी माझी मान चाचपली आणि विचारले, "हे कधीपासून?" जन्मापासून, मी म्हटले. त्या म्हणाल्या, "आणि आजवर एकाही डॉक्टरने फोटो काढला नाही?"

भूलतज्ज्ञाला मानेशी का देणेघेणे असते हे प्रत्येक कार्यकर्तीने समजून घ्यायला हवे. पूर्ण भूल देताना श्वासासाठी घशात नळी घालावी लागते, आणि नळी घालायला मान मागे वाकवावी लागते. माझ्यासारख्या मानेत ती नळी जाता जात नाही. आणि जिच्या मानेतला सर्वात वरचा सांधा ढिला आहे तिची मान भुलेत, स्नायू सैल पडल्यावर, जोराने हलवली तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. त्या बाईंनी घाई केली नाही. कण्यातून भूल दिली, आणि गरज पडलीच तर नळी कशी घालायची याची तयारी आधी करून ठेवली. नंतर माझी सोनोग्राफी झाली तेव्हा कळले की मला एकच मूत्रपिंड आहे. हेही या व्यंगाबरोबर पुष्कळदा असते. काही जणींना ऐकू कमी येते, काहींच्या हृदयात दोष असतो. आणि एक गोष्ट, जी आपल्या केंद्रांवर येणाऱ्या मुलींसाठी मुद्दाम लिहिते : क्वचित काही मुलींत मानेच्या मणक्यांचा दोष, एक मूत्रपिंड नसणे आणि गर्भाशय न घडणे हे तिन्ही एकत्र येते. अठरा वर्षांची झाली तरी पाळी आली नाही म्हणून आई जिला देवऋष्याकडे नेते, तिची मान कुणी बघत नाही. आणि मान आखूड म्हणून जिला दवाखान्यात नेतात, तिला पाळीचे कुणी विचारत नाही. बाईचे शरीर डॉक्टरांनी खात्यांत वाटून घेतले आहे आणि प्रत्येक खाते दुसऱ्याचा कागद वाचत नाही.

पण माझी मान त्यातल्या त्यात सुखाची. तिच्यात हालचाल कमी, इतकेच. जुळलेल्या मणक्यांच्या वरखाली जे सांधे उरले त्यांच्यावर ताण जास्त येतो आणि ते लवकर झिजतात, त्याची वेदना मी रोज भोगते. खरा धोका असतो त्याच्याही वर, कवटी आणि मान जिथे भेटतात तिथे.

जाते आठवा. खालच्या दगडात मधोमध एक खीळ असते, वरचा दगड तिच्याभोवती फिरतो. आपल्या मानेतही तसेच आहे. पहिला मणका, अ‍ॅटलास, ही नुसती कडी. तिच्यावर चार-पाच किलो वजनाचे डोके टेकलेले. दुसरा मणका, अ‍ॅक्सिस, त्याला वर एक खीळ आहे. ती कडीच्या आत, पुढच्या बाजूला बसते. तिच्यामागे एक घट्ट बंध तिला जागच्या जागी दाबून धरतो, आणि त्या बंधाच्या मागून जातो मज्जारज्जू. हातपाय हलवणारे, श्वास चालवणारे सगळे निरोप त्यातून येतात-जातात. काहींच्या मानेत ही खीळ जन्मतःच बुंध्यापासून सुटी असते. काहींत बंध कमजोर असतो. काहींत पहिला मणका कवटीलाच चिकटून वाढतो. बहुधा त्याच वेळी दुसरा-तिसरा मणकाही जुळलेला असतो, आणि मग सगळी हालचाल मधल्या एकाच सांध्यावर येऊन पडते. काहींत खीळ कवटीच्या तळाच्या भोकातून वर घुसते. परिणाम एकच : कडी खिळीवरून सरकते. मोठ्या माणसात कडी आणि खीळ यांत ३ मिलीमीटरपेक्षा जास्त अंतर नसावे. ते वाढले की मान पुढे झुकवल्याबरोबर कडी पुढे जाते आणि मज्जारज्जू खीळ आणि कडीचा मागचा भाग यांच्यामध्ये चिमटला जातो.

मान पुढे झुकवल्याबरोबर. म्हणजे ज्या मुद्रेत आपल्याकडे मुलींना वाढवतात, नेमक्या त्याच मुद्रेत. मला मान खाली घालता येत नाही म्हणून मी उर्मट ठरले. जिला ती खाली घालता येते आणि जिचे त्यातच नुकसान होते, ती शालीन!

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीने सांगते आहे, नाव तिनेच नको म्हटले. ती शहापूर तालुक्यातली. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणे या तालुक्यात आहेत, मुंबई त्यांचे पाणी पिते. आणि याच तालुक्यातल्या वाड्यांवर मार्च उजाडला की टँकरची वाट बघतात. चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, कमरेवर आणखी एक, अशा तिच्या दिवसाला चार खेपा. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, भांड्याचे वजन वेगळे. सव्विसाव्या वर्षी तिच्या हातांना मुंग्या यायला लागल्या. मग हातातून वस्तू सुटायला लागल्या. पहिल्यांदा कपबशी फुटली, मग दुधाचे पातेले पालथे झाले. सासू म्हणाली अंगचोर आहे. मग चालताना पाय ताठर पडू लागले, अडखळू लागले. नवरा म्हणाला, हिला कुणी काही घातले. जवळच्या दवाखान्यात ताकदीची इंजेक्शने झाली. तालुक्याच्या डॉक्टरने "टेन्शन आहे, मूल होत नाही ना!" असे परस्पर ठरवून झोपेच्या गोळ्या दिल्या. एका हाडवैद्याने मान दोन्ही हातांत धरून कडाकड मोडली. त्या रात्री तिला श्वास लागला होता.

मग एका सकाळी विहिरीच्या पायरीवरून तिचा पाय घसरला. फार लागले नाही, हंडा मात्र गडगडत गेला. पण ती उठेना. हात हलेना, पाय हलेना, दहा मिनिटे नुसते डोळे उघडे. मग हळूहळू सगळे परत आले. तिच्या शेजारणींनी तिला बसवले, पाणी पाजले. घरी निरोप गेला : सोंग करते आहे. दवाखान्याच्या कागदावर एकच शब्द पडला, हिस्टेरिया.

या शब्दाचा आपल्याला जुना परिचय आहे. त्याचे मूळ गर्भाशयाच्या ग्रीक नावात आहे हे आपण शिबिरांतून सांगतो आणि हसतो. पण तो शब्द त्या कागदावर पडला तेव्हा तिच्या मज्जारज्जूवर हाड टेकले होते. किरकोळ धक्क्याने चारी हातपाय काही मिनिटे लुळे पडणे आणि मग परत येणे, हे या सांध्याच्या अस्थिरतेचे पुस्तकात दिलेले लक्षण आहे. त्या डॉक्टरने पुस्तक वाचले नव्हते असे नाही. समोर सव्वीस वर्षांची, मूल नसलेली, सासुरवाशीण बाई दिसली आणि पुस्तक मिटले. उत्तर आधीच तयार होते.

आमच्या केंद्राने तिला मुंबईला आणले. तिथे काय केले असेल? मोठे यंत्र नाही, मोठा खर्च नाही. मानेचे बाजूने दोन एक्स-रे, एक मान पुढे वाकवून, एक मागे करून. मान सरळ ठेवून काढलेल्या फोटोत हे सरकणे निसटू शकते, वाकवल्यावर दिसते. ३ मिलीमीटरच्या जागी ८ होते. मग एमआरआय, मग शस्त्रक्रिया. पिवळे रेशनकार्ड होते म्हणून खर्च योजनेतून भागला.

आता संताप येतो तो याचा. जन्मजात ढिल्या झालेल्या या सांध्याने मज्जारज्जूचे काय होते, यावर मुंबईतल्या डॉ. नोशीर वाडिया यांनी २८ रुग्णांचा अभ्यास १९६७ साली इंग्लंडच्या 'ब्रेन' या नियतकालिकात छापला. पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या बाजूच्या भागांत स्क्रू घालून ते पट्टीने जोडण्याची पद्धत मुंबईच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ साली जगापुढे मांडली. २००१ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी पट्टीऐवजी सळी वापरून ती पुढे नेली आणि आज ती जगभर होते. म्हणजे ज्ञान मुंबईत होते, हात मुंबईत होते. शहापूरहून मुंबईला पाणी येते, लोकल गाड्यांनी माणसे कामाला येतात. फक्त ही माहिती ऐंशी-नव्वद किलोमीटर उलट दिशेने जाऊ शकली नाही. भारतातल्या मोठ्या रुग्णालयांनी छापलेल्या अशा रुग्णांच्या याद्यांत पुष्कळदा पुरुष जास्त दिसतात. यादी मोजते ती रुग्णालयापर्यंत पोचलेल्यांना. माझी मैत्रीण आमच्या केंद्रावर आली नसती तर ती कुठल्या यादीत असती? देवऋष्याच्या.

शस्त्रक्रिया चांगली झाली. सहा महिन्यांत ती नीट चालू लागली, हातात कप धरू लागली. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावले : डोक्यावर ओझे कधीही नाही. आणि या एका वाक्याने तिचा संसार मोडला. सासरी सरळ हिशेब झाला. पाणी आणणार नाही, सरपण आणणार नाही, मग ठेवायची कशाला? माहेरी पोचवले आणि दोन महिन्यांनी वकिलाची नोटीस आली : व्यंग लपवून लग्न लावले, विवाह रद्द करावा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये फसवणुकीच्या आधारे विवाह रद्द ठरवता येतो. पण फसवणुकीला आधी माहिती लागते. जी गोष्ट तिला स्वतःला माहीत नव्हती, जी तीन डॉक्टरांना सापडली नाही, ती तिने लपवली कशी? आमच्या वकील मैत्रिणीने एवढेच उत्तर पाठवले आणि पुढे पोटगीचे विचारले. नोटीस तिथेच थांबली. पोटगी अजून मिळालेली नाही.

त्या नोटिशीत एक वाक्य होते ते मला विसरता येत नाही. "प्रतिवादी स्त्री ही गृहकृत्ये करण्यास असमर्थ आहे." गृहकृत्ये! पंधरा किलोचे ओझे डोक्यावर घेऊन टेकडी चढणे हे गृहकृत्य. हेच ओझे बाजारात पुरुषाच्या डोक्यावर असते तेव्हा त्याला काम म्हणतात. माथ्यावर ओझे वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. मजुरी, मंडळ, भविष्यनिर्वाह निधी, सगळे त्यात आले. लढून मिळवले, चांगलेच झाले. १९४८च्या कारखाना कायद्यातही कलम ३४ होते : इजा होईल इतके ओझे कुणाला उचलायला लावायचे नाही, आणि बायका, पुरुष, पोरे यांच्यासाठी वजनाची मर्यादा सरकारने ठरवावी. कारखान्याच्या फाटकाच्या आत बाईच्या मानेला मर्यादा होती. विहिरीवर नाही. १९७२च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर बायकांनी मातीच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या, तेव्हा निदान हजेरीपटावर नाव तरी लागत होते. घरच्या हंड्याला हजेरीपट नाही.

आणि आपण काय केले? आपण त्या हंड्याचे चित्र काढले.

आपली भित्तिपत्रके काढून बघा. दिनदर्शिका बघा. उगवता सूर्य, ताठ कण्याची बाई, डोक्यावर तीन भांडी, चेहऱ्यावर हसू. खाली लिहिलेले, स्त्रीशक्ती. मीसुद्धा ती पत्रके वाटली आहेत. हे चित्र आधी कुणी काढले? सिनेमावाल्यांनी, पर्यटन खात्याने, गोऱ्या साहेबाच्या कॅमेऱ्याने. आपण ते उचलले आणि खाली घोषणा लिहिली. एके काळी आपण रिकामा हंडा हातात धरायचो, कचेरीसमोर बडवायचो. गोरेगावच्या मृणाल गोऱ्यांना लोकांनी पाणीवाली बाई म्हटले ते पाणी मागितले म्हणून, वाहिले म्हणून नव्हे. रिकामा हंडा वाजवणे ही मागणी होती. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन पळणे आणि त्याला टाळ्या वाजवणे, हे काय आहे?

इथे काही शिकलेल्या मैत्रिणी विज्ञान काढतात. डोक्यावर वाहणे हीच शास्त्रीय पद्धत, आफ्रिकेतल्या बायकांवर प्रयोग झालेत म्हणे. झालेत. १९८६ साली 'नेचर' या नियतकालिकात केनियातल्या बायकांवरचा अभ्यास आला. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचे ओझे त्या जास्तीची ऊर्जा न खर्चता डोक्यावर नेतात, असे त्यात होते. आता हिशेब करा. आपल्या वाडीवरच्या ४५ किलोच्या बाईचा पाचवा हिस्सा होतो ९ किलो. हंडा पंधराचा, वर कळशी. शिवाय ऊर्जा किती लागली हे मोजले म्हणजे मणका किती दबला हे मोजले असे होत नाही. पुढे २०१० साली दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांवर अभ्यास झाला, त्यात ही फुकटची बचत सरसकट दिसलीच नाही. पण पहिला अभ्यास सगळ्यांच्या तोंडी आहे. बाईला ओझे लागत नाही हे ऐकायला सगळ्यांनाच बरे वाटते.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. एवढ्या दुर्मिळ व्यंगासाठी सगळ्यांच्या आनंदावर पाणी कशाला? मी मान्य करते की हंड्याने ही व्यंगे होत नाहीत. ती जन्माची असतात. क्लिपेल-फाइल साधारण ४०,००० जन्मांमागे एक, असा अंदाज पुस्तकांत असतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. म्हणजे माझ्यासारखी अडीच-तीन हजार माणसे या एका राज्यात. आणि हे फक्त एका व्यंगाचे, सौम्य प्रकार धरलेच नाहीत. पण मुद्दा आकड्याचा नाहीच. त्या शर्यतीत बावीस बायका पळाल्या. त्यांतल्या कुणाची कडी सरकते हे शिट्टी वाजवणाऱ्याला ठाऊक नव्हते, पळणारीलाही नव्हते. माझी मैत्रीण आजारी पडण्याआधीच्या वर्षी अशाच शर्यतीत दुसरी आली होती. बक्षिसाचा डबा तिच्या सासरीच राहिला.

आणि निरोगी मानेचे काय? ज्या बायका "आमची मान धरते" म्हणून रोज सांगतात त्यांना आपण बाम चोळायला सांगतो. त्या दुखण्याला नाव नाही म्हणून ते दुखणे नाही. मीही अपंगत्वाच्या दाखल्यासाठी एका मोठ्या दवाखान्यात गेले होते. मंडळातल्या डॉक्टरांनी हातपाय हलवून बघितले आणि म्हणाले, "चालतं सगळं. मान काय, चेहऱ्यावरूनच ताठ दिसते तुमची." तिघेही हसले. १९९५च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले, ४० टक्क्यांची अट राहिलीच. माझ्या मानेचे किती टक्के, ते अजून ठरायचे आहे.

म्हणून आपल्या आरोग्य शिबिरांत मला एवढे हवे आहे : हिमोग्लोबिनच्या सुईआधी बाईला मान फिरवायला सांगा. हाताला मुंग्या, हातातून वस्तू सुटणे, पाय ताठर होणे, पडल्यावर क्षणभर हातपाय न हलणे, यातले काही असेल तर टेन्शन म्हणू नका. वाकवून आणि मागे करून मानेचा फोटो काढायचा आग्रह धरा, चिठ्ठीवर तसे लिहून घ्या. फोटो होईपर्यंत मान कुणाला मोडू देऊ नका, न्हाव्याला नाही, हाडवैद्याला नाही, प्रेमाने चोळणाऱ्या जावेलाही नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत हा सांधा पुष्कळदा ढिला असतो, त्यांच्या आयांना हे सांगा. ऑपरेशनला, नसबंदीलासुद्धा, जाणाऱ्या आखूड मानेच्या बाईला सांगा की टेबलावर चढण्याआधी भूल देणाऱ्याला स्वतः बोलून दाखव : माझी मान वळत नाही. तिथे कुणी विचारण्याची वाट बघायची नाही.

आणि पाणी. २०१९ साली जल जीवन मिशन आले तेव्हा २०२४ पर्यंत घरोघरी नळ म्हणाले होते. २०२५च्या अर्थसंकल्पात ती मुदत २०२८ केली. माझ्या मैत्रिणीच्या माहेरच्या वाडीत नळाचा खांब उभा आहे, तोटीही आहे. तिला आता तिची भावजय पाणी आणून देते. डोक्यावरून. "माझ्या वाट्याचा हंडा तिच्या मानेवर गेला, ताई," ती मला म्हणाली, "तो कुठे गेला नाही."

पुढच्या बैठकीत मी ठराव मांडणार आहे की, आपल्या कुठल्याही गटाने हंड्याची शर्यत घ्यायची नाही आणि डोक्यावर हंडा घेतलेल्या हसऱ्या बाईचे चित्र आपल्या एकाही कागदावर छापायचे नाही. विरोध होणार हे माहीत आहे, जीपमधल्या मैत्रिणींनी तयारीने यावे. ठरावाला अनुमोदन द्यायला ती शहापूरहून येणार आहे. एसटीने, पुढच्या सीटवर बसून, मानेला पट्टा बांधून.